खुर्ची भरायला अंधेरीला

बोरीवली

भावाच्या घरी पोचल्यावर पहिल्याच आंघोळीत साबण अंगाला टोचला. चष्मा बाहेर राहिला होता, म्हणून वडी खिडकीच्या उजेडात धरली, तर वरची बाजू सगळी काळी. हात फिरवला. मोहरी होती. अख्ख्या वडीवर मोहरीचे दाणे रांगेनं बसवलेले, दोन दाण्यांमध्ये केसाएवढीही फट नाही, आणि प्रत्येक दाण्याभोवती साबणाच्याच चार बारीक नख्या उचलून त्याला घट्ट धरून ठेवलेलं. मी तांब्या खाली ठेवला आणि तशीच बघत उभी राहिले. कुणाचं इतकं नीट काम बघून भीती वाटायची माझी ती पहिलीच वेळ.

बाहेर येऊन भावजयीला, नंदाला, विचारलं. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, अशा अजून बऱ्याच वड्या पलंगाखाली आहेत. हात काम विसरू नये म्हणून तुमचे भाऊ रोज संध्याकाळी बसवतात. घरात मोहरी टिकत नाही, त्यामुळे सध्या सगळ्याला जिऱ्याची फोडणी.

आम्ही मूळचे हुपरीचे. कोल्हापूरजवळचं चांदीचं गाव. देशभरच्या बायकांच्या पायांतले पैंजण आमच्या सोप्यावर जोडले जातात, असं आम्ही जरा फुगवून सांगतो. मी लग्नही गावातल्या गावातच केलं आणि चांदीतच राहिले. धाकटा भाऊ विलास मात्र वीसेक वर्षांपूर्वी मुंबईला येऊन सोन्यात शिरला. अंधेरी पूर्वेला, फक्त परदेशात माल पाठवणाऱ्या कारखान्यांचं एक मोठं कुंपणाचं आवार आहे. तिथं तो अंगठीत हिरे बसवतो. त्याच्या हातच्या अंगठ्या सगळ्या अमेरिकेला जायच्या. मग तिथल्या सरकारनं भारतातून येणाऱ्या मालावरची जकात चढवली, आणि ती चढवली म्हणजे अशी की तिथल्या दुकानदाराला अंगठी बंदरातून सोडवतानाच घाम फुटावा. तो इकडच्या शेठला म्हणतो, भाव उतरवा. शेठ थोडा उतरवतो. उरलेलं ओझं दुकानदार गिऱ्हाइकावर टाकतो. तिथली कुणी एक बाई अंगठी बोटात घालून बघते, किमतीची चिठ्ठी उलटून बघते आणि अंगठी काढून ठेवते. तिनं ती काढून ठेवली की बोरीवलीत मोहरी संपते.

मी फिरायला आले असं विलासला सांगितलं होतं. खरं म्हणजे मला नंदानं बोलावून घेतलं होतं, त्याला न्यायला. आमच्या कारखान्यातला एक भागीदार वेगळा झाला होता आणि त्याच्या जागी माणूस हवा होता. आमच्या ह्यांनी ती जागा विलाससाठी धरून ठेवली होती, पण गावातला दुसरा एक जण रोज दारात येऊन बसत होता. निघताना हे म्हणाले, "बुधवारी तू परत येशील तेव्हा हो की नाही ते घेऊन ये. नाहीतर मी त्याला शब्द देऊन टाकणार." माझी मुंबई ती एवढी, त्या बुधवारपर्यंतची.

पहिल्या रात्री जेवताना विषय काढला, तर विलास हसला. "ताई, मी काय तिथं येऊन घुंगरं लावू?" आमच्याकडे घुंगरं लावणं हे बायकांचं काम. पैंजणात हिरे कुणी बसवत नाही, तेव्हा त्याची वीस वर्षं हुपरीत कुणाच्या उपयोगाची नव्हती, हे त्याचं खरं होतं. शिवाय ऑर्डर येणारच आहे, असं तो म्हणाला. ते इतक्या सहज म्हणाला की मी अजून थोडा भात वाढून घेतला.

त्यांची सोसायटी नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून आहे. सकाळी खाली उतरले तर वॉचमन सगळ्यांना मोबाइलवर बिबट्या दाखवत होता. आदल्या रात्री तो गेटसमोरून गेला, कॅमेऱ्यात आला. एकालाही प्रत्यक्ष दिसला नव्हता, कुणाचं कुत्रंही गेलेलं नव्हतं. पण शेजारच्या गुजराती काकूंनी नातवाला खाली पाठवणं बंद केलं होतं. आमच्याकडे लांडगा आला तर दहा माणसं काठ्या घेऊन निघतात. इथं सगळे स्क्रीनमध्ये वाकून बघत होते आणि मग शांतपणे ऑफिसला जात होते. काकूंनी मला मात्र डाळ-तांदळाचा हांडवा आणून दिला, वर तीळ, खाली खरपूस. तो मी दोन दिवस पुरवून खाल्ला.

घाटकोपर

दुसऱ्या दिवशी नंदा मला घाटकोपरला घेऊन गेली, सोन्याची दुकानं बघायला. तिच्या मनात काय आहे ते तिथं गेल्यावर कळलं. एका दुकानात कोपऱ्याच्या काचेखाली विलासच्या कारखान्यातल्या अंगठ्या होत्या. तिकडे जाईना म्हणून शेठनं थोडा माल इथल्या ओळखीच्या दुकानात ठेवून बघितला होता. नंदानं दुकानदाराला त्यातली एक काढून मला दाखवायला लावली. काय काम होतं! हिरे एकमेकांना खेटून असे बसलेले की मधलं सोनं दिसतच नव्हतं.

आमच्यासमोर दोघी मायलेकी आल्या. मुलीनं ती अंगठी घातली, हात लांब करून बघितला, तिला आवडली. आईनं विचारलं, किती कॅरेट? चौदा, म्हटल्यावर आईनं मुलीच्या बोटातून ती स्वतःच काढली आणि काचेवर ठेवली. हे काय सोनं झालं, असं ती दुकानदाराला म्हणाली नाही, पण तिचं तोंड तसंच झालं होतं. अमेरिकेत बायका रोज वापरायला असं हलकं, कडक सोनं घेतात. आपल्याला बावीस कॅरेटच्या खाली सोनं म्हणजे पितळेची बहीण वाटते. मीही घेतली नसती. ती अंगठी तिकडे महाग म्हणून परत ठेवली जात होती आणि इकडे हलकी म्हणून. दुकानदारानं ती पुसून पुन्हा काचेखाली सरकवली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

अंधेरी

शनिवारी विलासनं विचारलं, ताई, कारखाना बघायचाय का? वीस वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला तिथं उभं करत नाहीत. मी लगेच हो म्हटलं. नंदानं मात्र माझ्याकडे न बघता डबा भरायला घेतला.

आवाराच्या फाटकावर माझं मंगळसूत्र, कानातलं, बांगड्या, सगळं काढून तोललं आणि लिहून घेतलं. आत जाताना जेवढं सोनं, बाहेर पडताना तेवढंच हवं. बायकांच्या तपासणीच्या खोलीत मी एकटीच होते. बाकांच्या रांगा, गर्दी आवरायला लावलेले दोर, आणि तपासणाऱ्या दोघी पोरी एकमेकींच्या वेण्या घालत बसलेल्या. इमारतीत शिरलो तर लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना कारखाने, बहुतेक दारांना कुलपं. दारांवरची देवांची चित्रं मात्र झाडून पुसून ठेवलेली, त्यांच्यापुढे उदबत्त्या पेटलेल्या. कुणी लावल्या कुणास ठाऊक. आम्ही चालत असतानाच चहाची घंटा झाली, सगळ्या मजल्यांवर एकदम. विलास सवयीनं थांबला. एकही दार उघडलं नाही.

त्याच्या कारखान्याचे शेठ, जयंतभाई, दारातच उभे होते. साठीचे, गोरटेले, डोळ्यांखाली काळं. मला हात जोडून म्हणाले, "बेन, उपकार झाले. तुम्ही फक्त बसायचं." मला काही कळेना. मग विलासनं, माझ्याकडे न बघता, सांगितलं. अमेरिकेतली मोठी गिऱ्हाईक बाई त्या संध्याकाळी व्हिडिओवर कारखाना बघणार होती. चालता कारखाना दिसला तर ती नाताळाची ऑर्डर देणार. पण निम्मे कारागीर आपापल्या गावी निघून गेले होते. म्हणून ज्याला जमेल त्यानं घरातलं एखादं माणूस आणायचं ठरलं होतं. माझा भाऊ मला कारखाना दाखवायला नाही, एक खुर्ची भरायला घेऊन आला होता. मला आधी राग आला आणि मग मेलं हसूच आलं.

हॉलमध्ये गेले आणि हसू थांबलं. पन्नासएक टेबलं, प्रत्येकावर एक दिवा, प्रत्येक दिव्याखाली एक वाकलेलं डोकं, आणि आवाज नाही. कारागीर तेवढे खरे. बाकी कुणाची बायको, कुणाचा सासरा, एक रिक्षावाला मेहुणा. सगळ्यांना निळे कोट, डोक्याला जाळ्या. मला श्यामल नावाच्या बंगाली कारागिराच्या जागी बसवलं. तो गावी गेला त्याला कित्येक महिने झाले होते. त्याचा चष्मा तिथंच होता, पितळी डबीत बडीशेप होती, टेबलाच्या कडेला त्याच्या कोपरांनी दोन खळगे पडले होते. मी बसले तर माझी कोपरं आपोआप त्या खळग्यांत गेली. मी ती चटकन काढून घेतली.

हातात एक अंगठी दिली होती, हिरे नसलेली, आणि नख्या दाबायचा एक टोचा. काय करायचं, म्हणून शेजारी बघितलं. शेजारी विलास. तो रिकाम्या अंगठीत हिरा बसवत होता. हिरा नव्हता. चिमटा रिकामा यायचा, जागेवर टेकायचा, मग टोच्यानं चार नख्या वळवल्यासारखं करायचं, फुंकर मारायची, पुढची जागा. मान, श्वास, बोटं, सगळं खऱ्या कामाचं. पलीकडचा कारागीर तेच करत होता. त्याच्या पलीकडचाही. नवशिक्यांनी त्यांचं बघून उचललं होतं. पन्नास माणसं एका लयीत काहीच करत नव्हती. हा नुसता देखावा असता तर मी समजू शकले असते. पण विलासच्या कपाळावर घाम होता.

तिकडे सकाळ व्हायची म्हणून आमची संध्याकाळ उलटेपर्यंत थांबलो. मग भिंतीवरचा मोठा पडदा उजळला आणि ती बाई आली. पन्नाशीची, केस पांढरे, चेहरा थकलेला पण नेटका. ती आपल्या दुकानात उभी होती. तिच्यामागे काचेची कपाटं, दिवे, आणि गिऱ्हाइकं फिरत होती. जयंतभाई फोन हातात धरून रांगांमधून फिरले, तिला एकेक टेबल दाखवलं. "फुल कपॅसिटी, मॅडम," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ती मान डोलवत होती. तीही हात मागे करून दुकान दाखवत होती, म्हणजे विक्री जोरात आहे असंच सांगत असावी.

मला काम नव्हतं, म्हणून मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पडदाच बघत होते. मागून एक लाल कोटातली बाई आली, कपाटाशी वाकली, आत बघितलं, मान हलवली, पुढं गेली. थोड्या वेळानं एक उंच माणूस. मग दोघं म्हातारे. मग पुन्हा एक बाई आली, कपाटाशी वाकली, आत बघितलं, मान हलवली. तोच लाल कोट. मला वाटलं, माझी नजर चुकली. पुन्हा तो उंच माणूस. पुन्हा ते दोघं. लाल कोट तिसऱ्यांदा त्याच कपाटाशी वाकला तेव्हा माझ्या हातातला टोचा गळून पडला. तिथंही काचेखाली काही नव्हतं. ती माणसं कुणाची तरी बायको, कुणाचा तरी सासरा होती. दोन्हीकडे दिवे लावून, माणसं बसवून, माणसं फिरवून आम्ही एकमेकांना बघत होतो आणि मधला सगळा समुद्र रिकामा होता. ती बाई हसली. जयंतभाई हसले. पडदा काळा झाला.

शेठनी सगळ्यांना पेढे वाटले. ऑर्डरचं कळवते म्हणाली, असं ते प्रत्येकाला सांगत होते. मी पेढा हातात धरून ठेवला. तो खायची हिंमत होईना.

आरे

रविवारी विलासनं मला आरे कॉलनीत नेलं. गोरेगावहून बस पकडली आणि पाचच मिनिटांत झाडी अशी दाटली की हीच मुंबई का, असं वाटावं. वड, फणस, मध्येच म्हशींचे तबेले, शेणाचा ओळखीचा वास. त्या वासानं मला एकदम गावाला नेलं. आम्ही एका टपरीवर मसाला दूध घेतलं आणि झाडाखाली बसलो. त्याची बोटं मांडीवर हलत होती. चिमटा, टोचा, फुंकर. फुंकर तो खरंच मारत होता, अगदी हलकी, समोर काहीही नसताना. तबेल्यातली म्हैस मान वळवून त्याच्याकडे बघत होती आणि मी दोघांकडे.

मला राहवेना. काल काय बघितलं ते मी सगळं सांगून टाकलं. लाल कोट, उंच माणूस, तीन फेऱ्या. मला वाटलं तो चिडेल, चांदीवालीला काय कळतं म्हणेल.

"मी पण बघितलं ताई," तो म्हणाला. "सगळ्यांनीच बघितलं असेल. शेठनं पण."

"मग पेढे कसले वाटले रे?"

त्यानं दुधाचा ग्लास हातात फिरवला. "ती आपल्याला फसवते, आपण तिला. पण एवढा खटाटोप कोण करतं? ज्याला अजून वाटतं काहीतरी होईल, तोच ना? ज्यानं सोडून दिलं तो दिवे कशाला लावेल?"

मी त्याला बुधवारची आठवण करून दिली. दाजी दुसऱ्याला शब्द देऊन टाकतील, म्हटलं. तो म्हणाला, देऊ देत. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघं आणि कंडक्टर एवढेच होतो. झाडी संपून इमारती सुरू झाल्या तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुन्हा अंधेरी

मंगळवारी दुपारी विलासचा फोन आला. आवाज तरतरीत. काम आलंय, जेवायला घरी येत नाही, जमलं तर दोघी डबा घेऊन या, फाटकावर पास ठेवलाय. नंदानं देवापुढे साखर ठेवली आणि जाताना नवी साडी नेसली. माझ्याही जिवात जीव आला. माझी फेरी फुकट गेली तरी चालेल, हुपरीतली जागा जाऊ दे त्या दारात बसणाऱ्याकडे, असं मनात म्हणत मी फाटकावर बांगड्या काढून दिल्या.

बोळातूनच ठोकण्याचा आवाज येत होता. हॉलच्या दारात पोचलो. टेबलं भिंतीला लावून एकावर एक रचली होती. मधे दहाबारा कारागीर गुडघ्यांवर बसून जमीन उचकटत होते. सिमेंटवर टाकलेल्या लाकडी फळ्या पहारीनं उपटत होते, फटींतली धूळ बारीक कुंचल्यांनी पत्र्याच्या ताटांत भरत होते. सोन्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम चाललं की कानसलेलं सोनं धुळीसारखं उडतं, फळ्यांत मुरतं. फळ्या जाळल्या, राख धुतली की ते परत मिळतं. नंदाला हे ठाऊक नव्हतं. ती दारातच हसून मला म्हणाली, बघा, कसे कामाला लागलेत.

मला ठाऊक होतं. हुपरीत आम्ही हेच करतो. सोप्यावरची फरशी उचलतो, खालची माती झारेकऱ्याला देतो, तो ती धुऊन चांदी काढतो. पण ते घर विकताना, शेवटच्या दिवशी. चालत्या कारखान्याची जमीन कुणी उकरत नाही.

जयंतभाई खिडकीशी पाठमोरे उभे होते. जरा दुरुस्ती काढलीय बेन, असं ते खिडकीलाच म्हणाले.

शेठनी प्रत्येकाला आपापल्या बैठकीखालची जमीन साफ करायला सांगितली होती. विलास त्याच्या जागेवर होता. कित्येक महिन्यांनी हातात खरं काम आलेल्या माणसाचा त्याचा चेहरा होता. बोटं अगदी नेमकी, मान स्थिर. इतरांच्या ताटांत पिवळसर धूळ साचली होती, उजेड पडला की चमकायची. विलासच्या ताटात नुसती राखाडी माती. त्यानं शेवटची फट झाडली, ताट तिरकं करून उजेडात धरलं आणि मला बोलावलं. त्याला ते दाखवायचं होतं. इतक्या वर्षांत सोन्याचा एक कणही सांडला नव्हता त्यानं. दुसऱ्या कारागिरानं वाकून बघितलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. आमच्या धंद्यात याच्याहून मोठी शाबासकी नाही.

"वीस वर्षं बसलो ताई इथं," तो अभिमानानं म्हणाला. "बघ, माझं काहीच राहिलेलं नाही."

म्हणाला, आणि स्वतःच थांबला. ताट तसंच हातात. त्यानं एकदा रचलेल्या टेबलांकडे बघितलं, एकदा खालच्या उघड्या सिमेंटकडे, आणि मग शेठच्या पाठीकडे. शेठनी वळून बघितलं नाही. नंदाचं हसू हळूहळू उतरलं. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तो मला परक्यासारखा वाटत होता, म्हणून ठेवला नाही.

त्यानं ताट खाली ठेवलं, कुंचला त्यावर आडवा ठेवला आणि म्हणाला, "दाजींना फोन लाव."

मी तिथंच उभं राहून फोन लावला. एवढ्यासाठीच मी आले होते. "जागा कुणाला देऊ नका," एवढंच म्हणाले. हे म्हणाले, बरं झालं. मग त्यांनी विचारलं, त्याला घुंगरं लावता येतात का?

विलास माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, शिकेल.